हिरव्या चेहऱ्यांचा महिना

सोमवार, ३ नोव्हेंबर

अठ्ठ्याण्णव टक्के हिरवे! प्रेबेन – आमचा साहेब – घरूनच केक भाजून घेऊन आला. श्रीलंकेतल्या शिवण-कारखान्यात आमचं ॲप लागून महिना झाला. कामाची पाळी सुटली की बायका फोनवरचा एक चेहरा दाबतात : हिरवा, पिवळा नाहीतर लाल. म्हणे, सगळ्या सुखी आहेत. अकरा तास मशीनवर वाकून सुखी! इथे ओडेन्समध्ये कॉफीचं यंत्र बिघडलं तरी निम्मं ऑफिस लाल दाबेल.

“बेंटे, प्रत्येक गोष्टीत खोट काढलीच पाहिजे का गं? केक खा,” प्रेबेन म्हणाला.

खाल्ला. रागारागाने दोन तुकडे खाल्ले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

त्या कारखान्यातल्या इनोकाशी फोनवर बोलले. शिवणकाम करते, दोन लेकरं आहेत. ‘मॅडम’ म्हणणं काही सोडेना. म्हटलं, अगं, आमच्याकडे पंतप्रधानांनाही नावाने हाक मारतात! हसली. मग हळूच म्हणाली, “चेहरा दाबताना सुपरवायझर मागे उभा असतो, मॅडम. लाल दाबला की दुसऱ्या दिवशी संडासलासुद्धा सोडत नाही.”

मला माहीतच होतं!!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बैठक. तासभर डोकेफोड केली – पालथ्या घड्यावर पाणी. प्रेबेनचं एकच, “ऐकीव गोष्टींवर एवढं मोठं गिऱ्हाईक दुखवायचं?”

ऐकीव! तळपायाची आग मस्तकात गेली. इतिवृत्त मीच लिहायला घेतलं. कोण म्हणालं, काय म्हणालं – नावानिशी. आणि आमच्या रीतीप्रमाणे ज्यांचा ज्यांचा संबंध, त्या सगळ्यांना पाठवलं. कारखान्यालाही. पाठीमागे कुजबुजायची आमची पद्धत नाही. होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष.

सोमवार, १० नोव्हेंबर

उत्तर नाही. प्रेबेन माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कारखान्याचं पत्र आलं! ‘निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहोत. योग्य ती कारवाई केली आहे.’ चार दिवसांत! प्रेबेनला सगळ्यांसमोर म्हणावं लागलं, “जिंकलीस बाई.” या नोकरीला काही अर्थ आहे, असं वर्षभरात पहिल्यांदाच वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

इनोकाला फोन केला. सुपरवायझर गेला ना, म्हणून उत्साहाने विचारलं.

“तो आहे, मॅडम. मला काढलं. त्या कागदावर माझं नाव कुणी लिहिलं?”

मीच, म्हटलं.