निनादचा होकार अण्णांना

३ फेब्रु., मंगळवार
आधी दुरुस्ती. परवा लिहिलं की निनादने पाठवलेली स्वभावचाचणी अण्णांना कळली नाही, त्यांनी लिंक तशीच सोडून दिली. चूक. त्यांनी ती भरली. माझ्या नावाने, स्वतःची उत्तरं देऊन. स्थळाचं सगळं वडील म्हणून अण्णांच्याच फोनवर येतं: पत्रिका, फोटो, आणि आता हेही. "बायोडाटा मीच भरला होता ना? तसंच हे," म्हणाले. वर, प्रश्न छान होते म्हणे.
मला वाटत होतं होकार पत्रिकेवर आला. तो ह्या निकालावर आलाय.

५ फेब्रु., गुरु.
निकाल वाचला. स्वभावाची चार इंग्रजी अक्षरं. बाकी तीन चालतील. दुसरं 'एन'. 'एस'वाले म्हणे समोर असेल ते टिपतात: रंग, माप, आकार. 'एन'वाले त्यातून पुढचं जोडतात, नसलेलंही बघतात. मी सातपूरच्या कारखान्यात दिवसभर मापाचं गेज लावून सुटे भाग तपासते. मी एन?
स्वतः भरून पाहिली. एस. शंका नको म्हणून डबा खाताना परत भरली. एस.
सिद्धांत खरा की खोटा देव जाणे. अण्णांच्या बाबतीत तरी बरोबर निघाला, त्याचाच जास्त राग येतोय. शाळेआधीचं सगळं शिकले ते त्यांच्याकडून, मखमलाबादच्या आमच्या झेंडूत. काय दिसतं, विचारायचे. मी म्हणायचे, कळ्या, आणि एक अळी. ते म्हणायचे, मला तर दसरा दिसतोय. अळी मग मीच काढायची.

८ फेब्रु., रवि.
निनादबरोबर गंगापूर धरण. पाण्याकडे बघून काय वाटतं, त्याने विचारलं. म्हटलं, पाणी खाली गेलंय, काठाला चिखलाची रेघ आहे. तो म्हणाला, "किती नेमकं बोललीस. माणसंही अशीच ओसरतात, रेघ तेवढी राहते." मी कुठल्याही माणसाबद्दल बोलत नव्हते.
निघताना सांगितलं, गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. हसला. "म्हणजे मी घाई करतोय, असंच ना?"
सोमेश्वरच्या अलीकडे चाक बसलं. पंक्चरवाल्यापर्यंत गाडी ढकलली त्याने. न चिडता, शीळ घालत. मग म्हणाला, "तू खरंच हवेबद्दल बोलत होतीस?"
हो म्हणायची तीच वेळ होती. मी म्हटलं, "थोडंसं."
थोडंसं म्हणे. मूर्ख.
त्रास हा की तो मला आवडलाय.

१० फेब्रु., मंगळ.
सुपारी फोडायची २२ला, रविवारी. कळवणची मावशी आतापासूनच येऊन बसलीय. तिला सगळं सांगितलं. "लगीन झाल्यावर कोण बघतं गं अक्षरं? तुझ्या काकांनी मला शांत म्हणून पसंत केली व्हती." आई हसून हसून बेजार.
अण्णा मात्र गंभीर. तो तुझ्यात काहीतरी बघतोय, बघू दे, पुढे तशीच होशील, असं त्यांचं म्हणणं. नसलेलं बघायची हीच ती तऱ्हा. मी म्हटलं, "अण्णा, तो तुम्हाला बघतोय."


१३ फेब्रु., शुक्र.
निनादचा मेसेज. सुपारीच्या निमंत्रणाचा मजकूर तू लिही, तुला वेगळं काही सुचतं. मी लिहिलं: वार, वेळ, पत्ता. उत्तर आलं, "वा. ह्या साधेपणात किती काय आहे." काही नाही त्यात. पत्ता आहे.
फोनवर सांगितलं तर त्यातही अर्थ काढेल. समोरासमोरच. चाचणी त्याच्यापुढे बसून भरायची, आधीची कोणी भरली ते सांगायचं. गप्प झाला तर? माझ्या जागी अण्णा असते तर त्या गप्प बसण्यातून दहा गोष्टी ओळखल्या असत्या. मला फक्त गप्प बसलेला निनाद दिसेल. आणि नको म्हणाला तर…
उद्या नाही, उद्या त्याला सुट्टी, सातपूरकडे येणार नाही. रविवारी महाशिवरात्र, घरात माणसं. सोमवार, १६ फेब्रु. संध्याकाळी त्याचं ऑफिस सुटल्यावर, सातपूरच्या बसथांब्यावर.