हापिसात डोळे उघडे ठेव

बाबा, मले तुमचा राग आला हाये. पयलेच सांगते. तुम्हाले जाऊन बारा वर्षं झाले, एवढ्या वर्षांत मी कधी तुमच्याशी भांडली नाही, मेलेल्या माणसाशी कोण भांडते. आज भांडते. उद्या सोमवारी मले साहेबाले खुलासा द्याचा हाये, लिहून. सातवी शिकलेल्या बाईनं लिहून द्याचा. आज रविवार असून चिखलीले प्रार्थनेले गेली नाही, भेवानं. सकाळपासून कोरा कागद घेऊन बसली अन् साहेबाले लिहाचं सोडून तुम्हालेच लिहून राह्यली.

तुम्ही ज्या हापिसात शिपाई होते, तठीच तुमच्या जागी मी हाओ. माठ तोच, झाडू तेवढा नवा. शाळेले सुट्टी लागली का तुम्ही मले संगं न्याचे. नऊ वाजता कुलूप उघडाचे, झाडाचे, माठ भराचे, अन् मंग एकेका खुर्चीच्या मागं उभं राहून तिच्या पाठीवर हात ठेवाचे. ओठ हलत, डोळे सताड उघडे. मी इचारलं होतं, "बाबा, काय बोलून राह्यले?" तुम्ही म्हणले, "खुर्च्या मोजून राह्यलो." "रोज कायले मोजता? कोण नेते खुर्च्या?" तुम्ही हसले अन् पुढच्या खुर्चीकडे गेले. मोठी झाल्यावर समजलं का तुम्ही त्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी प्रार्थना करत होते. साहेबाच्या आईचा दमा, कोणाची बदली, कोणाच्या पोरीचं लग्न. बाबूच्या बायकोचं बाळंतपण अडलं तवा तुम्ही दोन दिवस जेवले नाही. त्याले सांगतलं, पोट बिघडलं.

अन् त्याच हापिसात, मी सहा वर्षांची असन, डबा उघडला अन् घरच्यासारखे डोळे मिटून हात जोडले. तुम्ही माहा कान असा पिळला का मांडीवरला डबा सांडला. "घरी मिट. हापिसात डोळे उघडे ठेव. देवाले तसंही ऐकू येते." सांजच्याले स्टँडवर फुटाणे घेऊन देल्ले. मी ते खाल्ले, पण कान दोन दिवस दुखला.

त्याचं कारण मले मंग समजलं. दाखल्यावर आपण हिंदू हाओत, जात लिहेल हाये, त्याच दाखल्यावर तुम्हाले राखीव जागेवर नोकरी लागली. आजोबा येशूच्या मंडळीत गेले ते कागदावर कधी चढलंच नाही. म्हणून गावात प्रार्थना नाही, जीपमधी कोंबून चिखलीले जाचं, तठी आपल्याले ओळखणारं कोणी नाही. बायबलले हापिसातल्या खाकी कागदाचं कव्हर, वर तुमच्या अक्षरात 'आवक'. दवाखान्यात शेवटी तुम्ही मले तेच देल्लं, उशीखालून काढून. म्या बी नोकरीले तोच दाखला लावला. तुम्ही सांगतलं होतं तसंच केलं सगळं. पण पुढं पोट्टी होईन, अन् तिले तोंड असन, हे तुमच्या ध्यानात काऊन आलं नाही?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हापिसात पूजा होती. कम्प्युटरले झेंडू, कपाटाले झेंडू. अंगणवाडी बंद, म्हणून पोरीले संगं नेलं. पाच वर्षांची हाये. तिचा बाप ऑटो घेऊन डोणगावले गेलता. आरती झाली, सगळे हात जोडून गप उभे, अन् माह्या पोरीनं डोळे घट्ट मिटून खणखणीत आवाजात म्हणलं, "येशूच्या नावानं मागतो, आमेन."

कोणीतरी हसलं. बाबूनं, तोच तो, आता बडे बाबू झाला, हातातला पेढा तसाच धरून इचारलं, "काय म्हणली व पोट्टी? कोणं शिकवलं?"

मी म्हणली, "शेजारीण हाये एक. तिच्या घरी खेळाले जाते, तठी शिकली."

पोरीनं वर पाहिलं. "कोणती शेजारीण, मम्मी?"

बाबा, मी तिचा हात दाबला. इतका का तिनं "आई गं" केलं. मंग तिनं पेढाबी खाल्ला नाही.

आठ दिवसांनी साहेबानं बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणले, "बाई, तुम्ही कोणाला हात जोडता, मला त्याच्याशी काही घेणं नाही. पण अर्ज आलाय, दाखल्यावर एक आणि घरी एक. सोमवारपर्यंत लिहून द्या काय ते." अर्ज कोणाचा ते सांगतलं नाही. टेबलावर होता, अक्षर म्या ओळखलं. बारा वर्षं त्याच्याच फायली उचलून राह्यली. ज्याच्या खुर्चीवर तुम्ही रोज हात ठेवत होते, ज्याच्या बायकोसाठी उपाशी राह्यले, तोच. त्याले कुठं माहीत. तुम्ही त्याले माहीतच होऊ देल्लं नाही. एक दिवस जरी म्हणले असते, "बाबू, तुमच्यासाठी प्रार्थना केली," तर त्याचा हात आज जरा अडला असता का नाही? का तुमची नोकरी तवाच गेली असती? मले समजत नाही. मले समजत नाही अन् राग येते.

नवरा म्हणते, "लिही ना व, आम्ही हिंदू हाओत, पोट्टी शेजारी शिकली. कागदानं का देव जाते?" खरं लिहिलं तर नोकरी जाईन, इतकं सोपं हाये. म्हणून म्या ठरवलं होतं, शेजारीणच लिहाची.

मंग आता दुपारी जेवाले बसलो. पोरीनं हात जोडले. ओठ हलवले. पण डोळे उघडे, दाराकडे. म्या तिले कधी सांगतलं नाही बाबा, एका शब्दानं नाही. तिचं तीच शिकली, माह्या हातातून.

म्या इचारलं, "काऊन गं, डोळे काऊन नाही मिटले?"

"कोणी आलं तर?"

ताट तसंच ठेवून उठली अन् साहेबाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. शेजारीण कोणीच नाही. पोरगी घरी शिकली, माह्याकडून. खाली सही केली, अक्षर वाकडं आलं. उद्या देईन. हे तुमचं पत्र 'आवक' लिहेल बायबलात घालून ठेवते, कुठं धाडाचं तेच माहीत नाही.

मंग येऊन बसली, पोरीले म्हणलं, "मिट आता, कोणी येत नाही." तिनं मिटले. मीबी हात जोडले. पण माहे नाही मिटले, बाबा. तिची प्रार्थना संपेपर्यंत मी दाराकडेच पाहत होती.