न बोलावलेल्यांसाठी दोन तिकिटं

पिरोट, ३ डिसेंबर

चिरंजीव विदेन,

थोरल्या भावाचे आणि वहिनीचे तुला पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? फोनवर तू "ठीक आहे" म्हणतोस, पण सातव्या वर्षी अक्रोडाच्या झाडावरून पडून हात मोडलास तेव्हाही तू "ठीक आहे"च म्हणाला होतास, तेव्हा खरं काय ते कागदावर कळव. माझी तब्येत उत्तम. (तुझी वहिनी स्ताना मागून वाचतेय. म्हणते, खोटं लिहू नका, गुडघे वाजतात ते लिहा. पण ते रोज नेमाने वाजतात, म्हणून मी त्यांना आजारात धरत नाही.)

पत्राला कारण असं. येत्या एकोणीसला संत निकोलाचा दिवस, म्हणजे आपल्या घराण्याची स्लावा, कुळाच्या संताचा सण. तू फ्रँकफर्टला गेल्यापासून चौदा स्लावा झाल्या, आणि चौदाही वेळा आपण दोघं यजमान! मी इथे, तू तिथे, संत तोच, दिवस तोच. यजमानाने घर सोडायचं नाही, त्यामुळे सख्खे भाऊ असून आपण त्या दिवशी एकमेकांचं तोंड पाहात नाही. दुपारी फोनवर दोन मिनिटं ओरडायचं, "आहेस ना? बरं, मासा करपतोय, ठेवतो." यंदा मला या सगळ्याचा वीट आला. मी एकाहत्तरचा, तू सदुसष्टचा. तुझी फार आठवण येते रे. म्हटलं बास, आता विमानात बसायचं. उभ्या जन्मात बसलो नाही, पण विमानाला ते कुठे कळणार आहे!

तर विमानतळ. आपल्या आसपास तीन आहेत आणि त्यातला एकही धड नाही. निश जवळ, पण तिथून विमानं मोजकीच, आणि तीही आपल्या सोयीने नाही, त्यांच्या. सोफिया जवळजवळ तेवढंच लांब, पण मधे सरहद्द आणि तिथे ट्रकांची रांग. (स्ताना म्हणाली, "आपल्या संताला भेटायला बल्गेरियातून जायचं? वडील ऐकत असतील वरून.") बेलग्रेडहून हवी तेवढी विमानं, पण बेलग्रेड गाठेपर्यंतच माणूस परदेशी जाऊन आल्याइतका दमतो. शेवटी मी देसांकाकडे गेलो. पोस्टातून निवृत्त झालेली आपली देसांका, तिच्याकडे आता कॉम्प्युटर आहे. जन्मभर तारा पाठवल्यामुळे ती अजून प्रत्येक शब्द मोठ्याने वाचते आणि जास्तीचा वाटला तर पडद्याला रागावते. "खिडकीजवळची जागा हवी का," असं पडद्याने विचारलं. मी म्हटलं, दाराजवळची बघ, मधेच उतरावंसं वाटलं तर. देसांकाने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातला.

निशहून निघायचं ठरलं, तर उतरायचं कुठे हा नवा घोळ. कारण विदेन, तुझ्याकडे फ्रँकफर्टं दोन आहेत, हे चौदा वर्षांत तू एकदाही बोलला नाहीस! एक महागडं, गावाला लागून. दुसरं स्वस्त, त्याच्याही नावात फ्रँकफर्ट, पण देसांकाने नकाशावर बोट ठेवलं तर ते गावापासून सव्वाशे किलोमीटर दूर, डोंगरात. म्हणजे उद्या मी आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यावर "निश" अशी पाटी लावली तर चालेल म्हणायचं. अर्थात घेतलं तेच. आपण पिरोटकर चिकट म्हणून साऱ्या सर्बियात बदनाम, ते नाव काय माझ्यामुळे बुडवायचं?

मग सामान. बरोबर फक्त एक पिशवी, तीही त्यांच्या मापाची. स्ताना शिवणाची टेप घेऊन दोन दिवस घरभर फिरत होती. चीजचा गोल तिरका बसतो, उभा बसत नाही. राकिया, आपली घरची दारू, न्यायची तर एका बाटलीत शंभर मिलिलिटर. शंभर! तेवढ्यात संताचं नावही घेऊन होत नाही. पण स्तानाने खोकल्याच्या औषधाच्या दहा बाटल्या धुऊन उन्हात मांडल्या, आणि आता शेजारीपाजारी मला क्षय झाला असं समजून हळू आवाजात बोलतात.

तर तिकिटं निघाली, दोघांची. पडद्याने अभिनंदनही केलं. मी नाचत घरी आलो. स्तानाने तारीख वाचली, अठरा, आणि पळी खाली ठेवली. म्हणाली, "आणि एकोणीसला दार कोण उघडणार?"

मेलो! स्लावेला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला ठाऊक आहे तो येतो. वडिलांच्या वेळेपासून तीस घरची माणसं या दारात येतात. आणि ज्यांना "या" असं कधी म्हटलंच नाही, त्यांना "येऊ नका" कोणत्या तोंडाने म्हणायचं? तीन दिवस मी दारोदार फिरलो. एकाही दारात ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. पाद्रीबाबांना विचारलं, तर म्हणाले, "रांजेल, संताला कुलूप दाखवू नकोस."

तेव्हा आमचं येणं रद्द समज. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, न मिळोत. तू नीट राहा, उपासाचं तेल हलकं वापर, आणि एकोणीसला फोन करशील तेव्हा निदान तीन मिनिटं बोल.

तुझा दादा,
रांजेल

ता. क. स्तानाने पत्र वाचलं आणि म्हणाली, पाकीट बंद करू नका, आधी खरं लिहा. तर लिहितो. त्या तीन दिवसांत शब्द तोंडातून निघाले नाहीत, कारण बहुतेक दारांत ऐकायला कुणी नव्हतं. तीस दारांपैकी सत्तावीसांना कुलूप. कुणी देवाघरी, बाकीचे लिंझला, व्हिएन्नाला, आणि निम्मे तर तुझ्याच गावात, तुझ्याच टेबलाशी मासा खातात. गेल्या वर्षी आमच्याकडे चौघं आली. त्यातला तोमा वसंतात मुलीकडे गेला, कायमचा. स्तानाने त्या दिवशी प्रश्न दोन विचारले होते. मी एकच लिहिला. दुसरा असा होता, "आणि दार वाजवणार कोण?"

ता. क. दुसरा. पाद्रीबाबांना पुन्हा गाठून सगळं सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, किल्ली माझ्याकडे ठेव, उरलेल्या तिघांना मीच जेवू घालतो. तेव्हा तिकिटं कायम. अठराला येतो.

ता. क. शेवटचा. आम्हाला बोलावू नकोस, स्लावेला बोलावत नाहीत. दोन गोष्टी मात्र कळव. त्या डोंगरातल्या फ्रँकफर्टहून गावात बस येते का? आणि स्लावेचा पाव दोघांनी धरून फिरवताना तुझ्यासमोर, माझ्या जागी, दुसरी बाजू कोण धरतं? कुणी धरत असेल तर धरू दे. मी भिंतीशी उभा राहून बघेन.