सातव्या रांगेतली फिकट रेघ

मंगळवार, संध्याकाळ. निगडी.

जाम दमलोय, पण ती रेघ डोळ्यापुढून जात नाही.

तळवड्याच्या लॅबमध्ये आज केळीच्या मातृरोपांची तपासणी होती. जेल म्हणजे एक पारदर्शक चिकट थर, त्यावर प्रत्येक रोपाचा नमुना वेगळ्या रांगेत लावतात; फोटोत ज्या रांगेत रेघ उमटली, त्या रोपात रोग. रेघा सॉफ्टवेअर शोधतं, मी फक्त सेटिंगची पट्टी मागेपुढे सरकवतो. आज ते धुळीच्या ठिपक्यांनाही रेघ म्हणत होतं. मॅडम लांबून ओरडल्या, "अरे, नॉईज कमी कर!" मी मोबाईलवरचं गाणं बंद केलं. सगळी लॅब हसली. "फोटोतला नॉईज रे, राजा!" शेजारचा सचिन म्हणाला, "गाणं राहू दे भावा, छान होतं."

त्या रागात पट्टी जास्तच मागे ओढली. ठिपके गेले, सातव्या रांगेतली फिकट रेघही गेली. डोळ्याला तर दिसत होती. मग गप्प का बसलो? परत हसतील म्हणून? रिपोर्टात सातवं रोप निरोगी. उद्यापासून त्याच्यापासून हजारो रोपं करतील.

बसमध्ये वाटलं, हेही काम सोडावं. चौथं आहे. सामान एका बॅगेत मावतं. पण मी गेलो तरी ती रेघ, तो रोग इथेच राहणार ना?

शेवटी मॅडमना फोन लावला. "मॅडम, सातव्या रांगेत फिकट रेघ होती. माझ्या सेटिंगमुळे गेली."

"काय? थांब, टीव्हीचा आवाज कमी करते. हां, आता बोल."

परत सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "सकाळी लवकर ये. सातव्याचा नमुना परत लावू."