डाग दिला की पोर बसते

माय, तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. म्हणजे हे तुला मिळायचं नाही, आणि मिळालं तरी वाचता यायचं नाही. तरी लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, माझं बसणं तुला ठाऊकच आहे. एवढ्या दोन ओळी होईपर्यंत एकदा विरजण लागलं का ते बघून आले आणि एकदा उगीचच दारापर्यंत जाऊन आले. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या सरकी काढायला जिनाकडे चालल्या आहेत, त्या बघत उभी राहिले आणि कशाला उठले तेच विसरले. सासूबाई पोथी ऐकायला गेल्या आहेत, आमचे हे जिनात कारकुनी करताहेत, पोर शाळेत आहे. हे सगळे घरी यायच्या आत मला काहीतरी नीट आठवून ठेवायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

माझी मुलगी आठ वर्षांची झाली. तू तिला पाहिलं नाहीस, पण पाहायची गरजही नाही, मला आठव म्हणजे झालं. जेवताना चार घासांत तीनदा उठते. तिला सांगावं, पाणी भर आणि मग आजीचं पान वाढ, की ती घागर घेऊन निघते आणि वाटेत मांजर दिसलं की घागर तिथंच राहते. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते, आणि उत्तर बरोबर असलं म्हणजे लोकांना जास्तच राग येतो. शाळेत शेजारच्या मुलीनं पाटी ओढली म्हणून तिच्या डोक्यात पाटी घातली. मग दिवसभर त्याच मुलीसाठी रडत होती. लढाई संपली तरी तेल-साखर अजून रेशनवर, आणि ही पोर धावते तिथं काहीतरी सांडते. मी ओरडते. ओरडून घसा बसतो, पोर बसत नाही.

गुरुवारी तिच्या शाळेच्या बाई घरी आल्या. तरुण आहेत, नाशकाकडच्या. मला वाटलं, झालं, आता म्हणणार की पोरीला घरी ठेवा. मी चहाचं आधण ठेवता ठेवता म्हटलं, "बाई, ठाऊक आहे मला. तिला मारलंत तरी माझं काही म्हणणं नाही." त्या म्हणाल्या, "मारून पाहिलं, आणि मलाच वाईट वाटलं. तिला येतं सगळं. फक्त तिच्यापर्यंत पोहोचायचं कसं तेवढं कळत नाही. तुम्ही आई आहात, म्हणून विचारायला आले." माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आई म्हणून मला काय ठाऊक होतं?

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. त्या पहूरच्या, तिकडचं बोलणं अजून गेलं नाही. म्हणाल्या, "बाई, याले आमच्याकडे इलाज हाय. पहूरले एक म्हातारी हाय, पोटावर डाग देते. डाग देल्ला का पोर बसते. पहिलेच द्याले पाहिजे होता." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुलेही देल्लाच होता ना तुह्या मायनं? पाय, कशी नांदू राहिली!" बाईंचा चहा कपातच राहिला. त्या गेल्यावर सासूबाईंनी पहूरला निरोप धाडलासुद्धा. म्हातारी रविवारी येणार. त्यांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचा जीव आहे नातीवर. रात्रंदिवस एकच घोर, ही पोर उद्या कुणाच्या घरी कशी टिकेल. तुलाही तोच घोर होता, हो ना?

मला आपलं सोनगीर दिसतं आहे. श्रावणातला रविवार, आपल्या घरी कानबाई बसली आहे. बठ्ठे भाऊबंद, अख्खं कूळ जमलं आहे, रोटाच्या कणकेचा वास घरभर आहे, चौरंगावर नारळाची कानबाई डोळे-नथ लावून, लुगडं नेसून बसली आहे, आणि मी सात-एक वर्षांची पोर आत-बाहेर धावते आहे. तू तीनदा सांगितलंस, "पये नको, पये नको!" मी ऐकते आहे, पण पाय ऐकत नाहीत. कोपऱ्यावर वळताना माझा खांदा केळीच्या खुंटाला लागतो, खुंट चौरंगावर येतो आणि कानबाई जमिनीवर. गाणं म्हणणाऱ्या बाया एकदम गप्प झाल्या. मोठी काकू म्हणाली, "हाई पोरना आंगमा काहीतरी शे. डाग द्या हिले." आणि कुणी हूं की चूं केलं नाही. देवीचा कोप आणि माझे पाय यांची त्या दिवशी सर्वांनी मिळून गाठ मारली, आणि ती सोडवायची तर डागच द्यायचा, हे आपल्याकडे पाढ्यासारखं सर्वांना पाठ होतं.

दोन दिवसांनी डाग दिला. विळ्याचं लाल तापलेलं टोक, बेंबीच्या वर. माझे पाय काकूनं धरले आणि हात तू. तुझे हात कणकेनं पांढरे होते, का ते मला अजून कळलेलं नाही, त्या वेळी स्वयंपाक नव्हता. दुखलं किती ते आता आठवत नाही. तू मान फिरवली नाहीस, एवढं आठवतं. पुष्कळ वर्षं मला त्याचा राग होता. मनात म्हणायचे, निदान दुसरीकडे तरी बघायचं.

मग मी बसले. हे तुला ठाऊक आहे आणि मला. उरलेला सगळा पावसाळा मी भिंतीला पाठ लावून बसून होते. बोलावलं तर उठायची, वाढलं तर जेवायची. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, पाहा, कशी सुतासारखी सरळ झाली! पहिले काही दिवस तूही खूश होतीस, मी पाहिलं होतं. नंतर तू मुद्दाम भांडी आपटायला लागलीस. माझ्या मागे तांब्या जमिनीवर टाकायचीस आणि मी वळते का ते बघायचीस. एकदा ओसरीवर येऊन, लेक हरवल्यासारखं, तू दादांना म्हणालीस, "मनी आंडेर कोठे गयी? हाई कोनी पोर बसेल शे आठे?" वडील असून दादा हसले. तू हसली नाहीस.

दिवाळीनंतर गल्लीत लग्न निघालं. मांडे करायला तुला बोलावलं, तुझ्यासारखे मांडे गावात कुणाचे होत नव्हते. तू मला हाताला धरून घेऊन गेलीस. बाया म्हणाल्या, हिला कशाला, तू म्हणालीस, काम शे. परातीत कणकेचा मोठा गोळा होता. मांड्याची कणीक आपटून आपटून तिंबावी लागते, तेव्हा ती हातावर लांबते. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, मी वर बघेपर्यंत थांबलीस, आणि एकच शब्द बोललीस, "हान!" मी गोळा उचलला आणि आपटला. तू म्हणालीस, "आजून हान!" मी आपटत राहिले. दंड भरून आले, घाम आला, आणि मध्येच मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग उठून चुलीपर्यंत पळाले, खापरावर मांडा कसा फुगतो ते बघून पळत परत आले आणि पुन्हा आपटायला लागले. कुणी रागावलं तशी तू आडवी आलीस, "पयू द्या. कनीक थांबस तिनासाठे." तुझा मांडा हातावर कोपरापर्यंत लांबला होता, त्याच्या आडून तू माझ्याकडे बघत होतीस. माझ्या पावसाळ्याची भरपाई तुला त्या चुलीपुढं करायची होती, असं मला आता वाटतं.

हेच मला आठवायचं होतं. आधी खांद्यावर हात. मी बघेपर्यंत थांबणं. मग एकच सांगणं, ते झालं की दुसरं. दोन कामं एकदम सांगितलीस की तू स्वतःचीच जीभ चावायचीस. आणि एखादं काम बंद करून दुसरीकडे जायचं असलं की आधी सांगून ठेवायचीस, एवढी शेंग सोलून झाली की उठायचं. तू काही देवता नव्हतीस, तीही गोष्ट खरी. वैतागलीस की पाठीत धपाटा बसायचाच, आणि मी पुढच्या वर्षी गूळ ठेवलेली हंडी फोडली तेव्हा तू मला दिवसभर खोलीत कोंडलं होतंस. पण डाग पुन्हा नाही. काकूनं नाव काढलं की तू उठून गोठ्यात जायचीस.

आणि शाळेतला तो दिवस! गुरुजींनी मला बाहेर काढलं होतं. तू पदर खोचून शाळेच्या ओट्याशी उभी. गुरुजी म्हणाले, "शाळेत आल्यावर एका जागी बसायला नको?" तू म्हणालीस, "बसाले शाळा लागस का, गुरुजी? बसाले घर शे. तिले शिकाडा." सगळी शाळा ऐकत होती. मी लाजेनं मेले. गुरुजी तापट माणूस, वाटलं आता तुझीही खरडपट्टी निघणार. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली आणि ते मला म्हणाले, "जा, त्या निंबापर्यंत चालत जा आणि चालत ये, आणि निमकी म्हण." मी चालले. निमकी संपली, पावकी झाली, सवायकी अडखळली, पण पुरी झाली. त्या दिवसापासून मी पाढे चालत म्हणत आले. आजही हिशेब करायचा झाला की मी अंगणात येरझारा घालते आणि हे हसतात.

इथवर लिहून कागद उचलून ठेवला होता. आज मंगळवार आहे.

रविवारी म्हातारी आली. वाळकी, हसरी, पाठीला बोचकं. पोरीनं दारातच तिचं बोचकं ओढलं आणि यात काय आहे, हे कशाला, हे तापवतात का, मी धरू का, असं सुरू केलं. म्हातारी म्हणाली, "हे पोर भेत नाही वं!" सासूबाईंनी चुलीत सळई सरकवली. मी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, ती बघेपर्यंत थांबले आणि सांगितलं, "बाईंच्या घरी जा." ती पळाली. मग मी दार लोटलं आणि सासूबाईंसमोर पोट उघडं केलं. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी तो डाग पाहिला नव्हता. मी म्हटलं, "बघा. देऊन काय झालं? मी बसले का? आजही बसते का? विचारा तुमच्या मुलाला. फुकट भाजलं मला." त्यांनी डागाकडे पाहिलं, वाकून, चाळिशीशिवाय दिसेना म्हणून बोटानं चाचपून. "इतका मोठा?" म्हणाल्या. "मले वाटलं टिकलीएवढा असन." मग चुलीतली सळई त्यांनीच ओढून काढली आणि म्हातारीला म्हणाल्या, "जेवून जाय, बाई. आज कळण्याची भाकर हाय."

काल मी शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. खांद्यावर हात, एका वेळी एक काम, चालत पाढे. बाईंनी तिला खिडकीजवळ उभं राहून लिहायची मोकळीक दिली आहे आणि वर्गाच्या पाट्या धुऊन आणायचं काम दिलं आहे. काल तिनं एक पाटी फोडली. बाकीच्या धुऊन आणल्या.

आता राहिलेलं सांगते, म्हणजे हा कागद फाडता येईल. मी सासूबाईंशी खोटं बोलले. डागानं मी बसले होते, माय. चांगली बसले होते, आणि ते तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. पोरीला दिला असता तर तीही बसली असती. आणि आज सकाळी तिनं महिन्याच्या तेलाचा डबा पालथा केला तेव्हा, ती डागानं भिंतीला पाठ लावून गप्प बसलेली मला मनात क्षणभर दिसली, आणि मला बरं वाटलं.