मनूबियाखाला पोत्यावरून उठल्या

सफाक्स, जैतुनाचा हंगाम

आदरणीय लामीनदादा,

सलाम. 'त्या हरामाच्या घाण्यातली नोकरी ताबडतोब सोड, मात्र आमचं तेल निघाल्यावर' हे तुमच्या पत्रातलं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहिणं भाग पडलं. तुमचा गुडघा कसा आहे? सुआदवहिनींचा रक्तदाब? अल्लाह दोघांना उदंड आयुष्य देवो. तुम्ही जन्मभर न्यायाधीश होतात, त्यामुळे निकाल देऊन अंमलबजावणी लांबवायची सवय निवृत्तीनंतरही जात नाही, हे मी समजू शकते.

फोनवर प्रकरण अर्धंच सांगून झालं होतं (तेवढ्यात तुमची फुटबॉलची मॅच सुरू झाली), म्हणून आता सविस्तर सांगते. आमचा मालक हाज रिदा गेल्या वर्षीचं खवट तेल तापवून त्याचा वास घालवतो, त्यात सोयाबीनचं तेल ओततो, हिरवा रंग घालतो आणि ते 'पहिल्या घाण्याचं' म्हणून डब्यात भरतो. डब्यावर शिक्का माझा. मी रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा अब्बा म्हणाले होते, याचा उपयोग काय? उपयोग हा, की निळ्या पेल्यात तेल घ्यायचं, तळहाताने ऊब द्यायची, हुंगायचं, घोट घ्यायचा, आणि घशाला ठसका बसला तर शिक्का मारायचा. चांगलं तेल खोकायला लावतं. (मी खोकून पोट भरते, असं आमच्या गल्लीत म्हणतात. खोटं नाही.)

मग भेसळीवर माझा शिक्का कसा, हे तुम्ही विचारणारच. मीही हाज रिदाला तेच विचारलं. तो दुखावला. म्हणाला, "नजीबाबाई, मी तुम्हाला कधी खोटं बोलायला लावलं का? तुमच्या प्रामाणिकपणाची मला एवढी कदर आहे, की त्याच्यासाठी मी एक पिंप वेगळंच ठेवलंय!" आणि ते खरं आहे. मी चाखते ते पिंप निर्मळ असतं. शिक्का मात्र चालत चालत दुसऱ्या पिंपाकडे जातो.

मी राजीनामा घेऊन गेले, तो नेमका नव्या तेलाचा पहिला दिवस. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पहिली धार परातीत धरतात, सगळे भाकरी बुडवून खातात आणि भाकरी मध्ये असेपर्यंत कुणी भांडायचं नाही. मी कागद पुढे केला. हाजने त्यावर भाकरीचा तुकडा ठेवून मला दिला. "आधी तोंड गोड... म्हणजे कडू करा!" कागदातून तेल आरपार गेलं, अक्षरं दिसेनाशी झाली आणि माझ्या तोंडात घास होता. दुसऱ्यांदा गेले, तर त्याने स्वतःच्या आईला फोन लावून माझ्या हातात दिला. म्हातारीने मला पाऊण तास दुवा दिल्या. दुवा देणाऱ्या बाईला 'तुमचा मुलगा चोर आहे' असं मध्येच कसं सांगणार? तसं केलंही असतं, पण ती श्वासच घेईना.

खरं सांगायचं तर मला अडवत होते ते मजुरीवर जैतून दळून घ्यायला येणारे लोक. घरटी माणूस आपल्या पोत्यावर ठाण मांडून बसतो आणि आपलं पोतं घाण्यात पडून आपलं तेल आपल्या डब्यात येईपर्यंत हलत नाही. भूक लागली तर घरून डबा येतो, नमाज पोत्याशेजारी होते, मुलींच्या सोयरिकीसुद्धा पोत्यावर बसूनच ठरतात. मला वाटायचं, मी गेले तर या माणसांकडे कोण बघेल? मी आहे तोवर हाजला थोडी तरी लाज राहील. ही कल्पना मला फार आवडत होती. पगारही त्याच खिडकीतून मिळत होता, हा योगायोग.

मग मागच्या आठवड्यात मनूबियाखाला आल्या. आपल्या जुन्या घरामागे राहायच्या, त्याच. दोनच झाडं, वर्षाची बेगमी तेवढीच. पोतं टेकवलं, त्यावर बसल्या आणि थोड्या वेळाने उठून चक्क हमामला निघाल्या. शेजारच्या पोत्यावरची बाई ओरडली, "अगं म्हातारे, वेड लागलं का? पोतं सोडून कुठे निघालीस?"

"तू बस राखण करत," खाला म्हणाल्या. "आमची नजीबा आहे आत. मी मस्त पाठ चोळून घेते."

मी आत निळा पेला हुंगत होते. माझं नाव ऐकून मला बरंच वाटलं.

परत आल्या तेव्हा डबा भरून तयार होता, वर माझा शिक्का. त्यांनी भाकरी बुडवली, मलाही एक घास भरवला. मला ठसका बसला नाही. सोयाबीन, गेल्या वर्षीचं खवट आणि रंग. खाला बोटं चाटत म्हणाल्या, "वा! तुझ्या हाताचा गुण गं पोरी!"

दादा, त्या म्हातारीला जन्मात कुणी फसवू शकलं नव्हतं, कारण ती पोत्यावरून कधी उठलीच नव्हती. तिला उठवलं ते मी. मी तिथे लाज म्हणून नव्हते, आमिष म्हणून होते. तिसरा राजीनामा मी तोंडी दिला, भर अंगणात, सगळ्या पोत्यांसमोर, कारणासकट. हाज म्हणाला, "बाई, आधी चहा तरी घ्या." घेतला नाही.

वहिनींना सलाम. गुडघ्याला शेक द्या.

तुमची बहीण
नजीबा

ता. क. तुमचं तेल निघालं. माझ्या डोळ्यांसमोर काढलं, उत्कृष्ट आहे. चाखताना तीनदा खोकले.

आणखी एक. तक्रार नोंदवायला हवी. खालांना कोर्टाचं नाव काढलं तरी घाम फुटतो, पण 'आपला लामीन बोलणार असेल तर माझा अंगठा घ्या' म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या वतीने तुम्ही उभं राहायचं आहे. तुमचा निकाल तुम्ही आधीच लिहून पाठवला आहे, आता फक्त पुरावा हवा. तो सोबत येतो आहे. भाकरीशी खाऊन संपवू नका.

दिल्या वस्तूंची नोंद:
हाज रिदा यांना : शिक्का, चाखण्याच्या खोलीची किल्ली, निळा पेला.
मनूबियाखालांना : लामीनदादांच्या जैतुनांचं यंदाचं सगळं तेल.
लामीनदादांना, ट्यूनिसच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर : मनूबियाखालांचा डबा, शिक्क्यासह.