शेखर पाणी मागतोय

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! भूगाव मागे पडलं, बिल्डरांच्या पाट्या संपल्या आणि एका वळणावर मुळशीचं पाणी दिसलं, तेव्हा टेम्पोतल्या सामानासकट मीही उडाले. खोली रत्नाबाईंकडे मिळाली आहे. त्यांनी सामान उतरवायच्या आधी पिठलं-भाकरी पुढे ठेवली आणि विचारलं, "बोगद्यात काम करनार व्हय तुमी? तितं अणूचा कचरा हाय म्हनत्यात ते?" मी समजावलं, कचरा अजिबात नाही. अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा पुढेमागे जमिनीत खोल पुरावा लागला तर कसा पुरायचा, त्याची ही नुसती रंगीत तालीम. कचऱ्याच्या जागी हीटर. त्यांना पटलेलं दिसलं नाही, पण आणखी एक भाकरी वाढली.

४ नोव्हेंबर
इथल्या इंजिनीअरने, शेखरने, बोगदा दाखवला. टोकाला पोलादाचं पिंप, त्यात हीटर, भोवती बेंटोनाइट मातीच्या करड्या विटा. ही माती पाणी शोषून फुगते, एकूण एक फट बुजवते, मग पोलाद अगदी संथ गंजतं. मातीत रोवलेल्या पोलादी पट्ट्या काढून तो गंज मोजायचा, हे माझं काम.
शेखरने मातीचा एक खडा पाण्याच्या ग्लासात ठासला. आमचं जेवण होईपर्यंत ग्लास तडकला! "हिला पाजाल तेवढी फुगणार," तो म्हणाला. "बोगद्यात पाण्याची बाटली न्यायची नाही, उत्कर्षा मॅडम. मी तर घोटही घेत नाही आत." डबा त्याच्या बायकोचा, गौतमीचा. ठेचा असा की कान गरम झाले.

९ नोव्हेंबर
पहिली पट्टी काढली. गंज नावाला. मात्र माती हिशेबापेक्षा कितीतरी ओली आहे. कातळातून एवढं पाणी झिरपतच नाही. शेखरला वाटतं सेन्सर बिघडला असावा.
डोंगरावर मेंढरं चारणारा धुळा आमच्याकडे रोजाने चर साफ करतो. वरचा झरा आटल्याचं त्याने सांगितलं. हा झरा म्हणे उन्हाळ्यातही वाहतो.

१३ नोव्हेंबर
बोगद्याच्या तोंडाशी धुळाची एक मेंढी मरून पडली होती. कालपर्यंत धडधाकट. उचलली तर रिकाम्या पाटीसारखी हलकी. कातडं हाडांना चिकटलेलं, तोंडात करडी माती ठासलेली.
धुळा कळप घेऊन निघून गेला. "मी न्हाई यायचा आता. तुमीबी जाऊ नगा," एवढंच बोलला.
पुण्याला आमच्या प्रमुखांना, शैलेश सरांना, फोन केला. काम चालू ठेवा म्हणाले.

१६ नोव्हेंबर
दुसऱ्या पट्टीची चाळणी झाली आहे. आठवड्यात पोलाद असं गंजत नाही.
आणि विटांची भिंत पुढे सरकली आहे. शेखरने सहज हात टेकवला तर तो सुटेना. मी कमरेला धरून ओढलं तेव्हा सुटला. तळवा खारकेसारखा सुरकुतलेला. तो हसला, पण बाहेर आल्यावर बाटलीमागून बाटली पीत राहिला.
उद्या हीटर बंद करतो म्हणाला, सर काय म्हणायचं ते म्हणोत. एकटा जाऊ नकोस, असं मी बजावलं. हो म्हणाला.

१७ नोव्हेंबर
एकटाच गेला. मोटरसायकल बाहेर उभी आहे.
आतल्या वळणापलीकडे बोगदाच उरलेला नाही. करडी, गुळगुळीत भिंत. गौतमी धावत आली. तिने भिंतीला कान लावला, मग मीही. आतून शेखरचा आवाज. पाणी मागत होता.
मी हात धरायच्या आत गौतमीने जवळची बाटली भिंतीवर ओतली. थेंबही खाली पडला नाही. भिंत वीतभर पुढे आली.

१८ नोव्हेंबर
बचावपथक खणतंय. खणलेलं भरून येतंय. आवाज थांबत नाही — पाणी, गौतमी, पाणी.
ती हंडे आणून ओतते. अडवलं तर ढकलते. "माझा नवरा तहानेनं मरतोय आणि तुम्ही मला माती शिकवताय?"
आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. शेखरला ही माती ठाऊक आहे. जीव गेला तरी तो तिथे पाणी मागणार नाही.
मग आतून मागतंय ते —

१९ नोव्हेंबर
गौतमीला सांगितलं. तिने थोबाडीत मारली. पाण्याचा टँकर मागवलाय तिने. पथकातले दोघे तो आवाज ऐकून रडले, नळी लावायला पुढे झाले. मी टँकरची तोटी बंद केली — त्यांनी मला उचलून बाहेर काढलं —

२० नोव्हेंबर
बोगदा तोंडापर्यंत बुजला. गौतमी आत. ते दोघेही. टँकर रिकामा.
गावातले नळ कोरडे. माझे ओठ फुटलेत. रत्नाबाईंना घेऊन निघायचं — त्या बोचकं बांधतायत —

दुपार
मोरीतून आवाज. "ताई, पाणी —" गौतमीचा. जाळीतून करडं काहीतरी वर येतंय. गुळगुळीत.
रत्नाबाईंनी ऐकलं. पोरगी खाली अडकलीया म्हणतात. शेवटची कळशी उचलली — मी ओरडायला बघतेय, घसा कोरडा, शब्द फुटत नाही — ओतू नका, रत्नाबाई, ती गौतमी न